बॅग कोणी उचलायची?

गोल्फच्या नियमांप्रमाणे खेळाडूच्या बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे फटके मारायच्या काठ्या, चालतात. त्या चौदांचं वजन साडेपाच किलोच्या घरात जातं. रिकामी स्टँडबॅग दोन-अडीच किलोची, डझनभर बॉल अर्धा किलोहून थोडे जास्त. त्यात दोन लिटर पाणी, छत्री, टॉवेल, पावसाळी जाकीट आणि थोडा खाऊ टाकला की बॅग दहा-बारा किलोला सहज पोचते. ती घेऊन 18 होलांचा पूर्ण राउंड खेळायचा म्हणजे, कोर्स कसा पसरलाय त्यावर, 8 ते 10 किलोमीटर चाल. चालण्यापेक्षा जास्त त्रास होतो तो बॅग ठेवण्या-उचलण्याचा. नव्वदच्या आसपास स्कोअर करणारा खेळाडू पटिंगचे, म्हणजे होलजवळ बॉल घरंगळवायचे, फटके सोडले तर पन्नासेक फटके मारतो आणि तितक्याच वेळा बॅग खाली टेकवून पुन्हा खांद्यावर घेतो. दुसऱ्या दिवशी कंबर धरते ती त्यामुळे.

हे ओझं नेण्याचे मार्ग चार: स्वतःच्या खांद्यावर, ढकलायच्या ट्रॉलीवर, कॅडीकडे, म्हणजे खेळाडूच्या मदतनिसाकडे, किंवा बग्गीत, म्हणजे कोर्सवर चालवायच्या छोट्या गाडीत. गोल्फच्या मूळ नियमांना यातला कोणताही चालतो. मात्र स्पर्धेची कमिटी स्थानिक नियम करून कॅडी सक्तीचा करू शकते किंवा त्याला मनाई करू शकते, आणि बग्गीलाही बंदी घालू शकते. रोजच्या खेळात तर सगळं क्लबच्या मर्जीवर. म्हणून एखाद्या कोर्सवर ‘कॅडीशिवाय पहिल्या टीवर जाता येणार नाही’ असं सांगतात (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा), आणि दुसऱ्या ठिकाणी ग्रीन फीमध्येच, म्हणजे कोर्सवर खेळायच्या शुल्कातच, बग्गीचे पैसे धरलेले असतात. चालायचं तर चाला, पैसे तेवढेच.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोन्ही गोष्टी, कॅडी आणि बग्गी, ऐच्छिक असाव्यात. पण या दोन सक्ती एका मापाने मोजता येत नाहीत. बग्गीची सक्ती हा धंद्याचा हिशोब आहे, ती काढली तर बुडतं ते क्लबचं भाडं. कॅडीच्या सक्तीमागे माणसाची रोजीरोटी आहे. ती सक्ती काढायची असेल तर आधी क्लबला काही देणी फेडावी लागतील, आणि आपल्याकडे चर्चा नेमकी तिथे थांबते.

आधी बग्गी. अमेरिकेत बग्गीने जम बसवला तो 1950च्या दशकात. ई-झेड-गो ही कंपनी 1954 साली जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावात सुरू झाली. पुढे क्लब कार हा दुसरा मोठा कारखानाही त्याच गावात आला. मास्टर्स ही स्पर्धा भरते ते गावही हेच, आणि तिथे खेळाडू आजही चालतच खेळतात. बग्गी आली तशी कोर्सची आखणीही बदलली. घरांच्या प्लॉटांमधून वळणं घेत जाणारे कोर्स झाले, एका ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतापासून, पुढच्या टीपर्यंत चारशे-पाचशे मीटरचा डांबरी रस्ता आला. अशा ठिकाणी चालणं खरोखरच अवघड होतं, आणि मग सक्ती आपोआप वाजवी वाटू लागते. आपल्याकडे डोंगरउतारावर बांधलेल्या रिसॉर्टच्या कोर्सवर तेच दिसतं. याउलट स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर वैद्यकीय कारणाशिवाय बग्गी मिळत नाही. अमेरिकेतही ओरेगनमधलं 1999 साली उघडलेलं बँडन ड्यून्स आणि न्यूयॉर्क राज्याचा सार्वजनिक बेथपेज ब्लॅक हे कोर्स चालणाऱ्यांचे आहेत. म्हणजे बग्गीविना गोल्फ चालत नाही, हे म्हणणं खुद्द बग्गीच्या देशातच टिकत नाही.

बग्गी स्वतः काय चीज आहे हे वापरणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं. 48 व्होल्टच्या जुन्या धाटणीच्या गाडीत सीटखाली 8 व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. एकेक बॅटरी 28-29 किलोची, म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच 170 किलो. गाडी, दोन माणसं आणि दोन बॅगा धरून सहाशे किलोंचा ऐवज गवतावरून फिरतो. बॅटऱ्या अर्ध्याहून खाली उतरवत राहिलं की त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. सकाळी एक राउंड झाला की गाडी लगेच दुपारच्या राउंडला काढायची, ही सवय त्यासाठी वाईट. पाणी डिस्टिल्डच हवं आणि ते पूर्ण चार्ज झाल्यावर घालायचं. चार्जिंगच्या आधी प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील इतकंच, जास्त नाही. काठोकाठ भरलेलं पाणी चार्जिंगमध्ये उकळून बाहेर येतं, टर्मिनल खातं, आणि त्या ॲसिडचे थेंब जिथे पडतात तिथलं गवत मरतं. चौदाव्या होलवर बंद पडलेल्या बग्गीच्या मागे बहुतेक वेळा अशीच काही आठवड्यांची हेळसांड असते. नव्या लिथियम गाड्या हलक्या असतात आणि त्यात पाण्याची भानगड नाही, पण गवताला चाक ते चाकच.

आणि गवताचं नुकसान हा बग्गीच्या सक्तीविरुद्धचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा. चाकाखाली माती दबते, मातीतल्या हवेच्या जागा मिटतात, मुळं वरच्या वर राहतात आणि पाणी झिरपत नाही. हे सगळीकडे सारखं होत नाही. सगळ्या गाड्या जिथून पाथवरून, म्हणजे बग्गीच्या पक्क्या रस्त्यावरून, फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, उतरतात आणि ग्रीनजवळ जिथे पुन्हा पाथवर चढतात, ती ठिकाणं आधी टक्कल पडतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी गवत मलूल झालेलं असताना त्यावरून बग्गी गेली तर पाती चिरडतात, आणि दुसऱ्या दिवशी चाकांच्या दोन तपकिरी रेघा उठून दिसतात. पावसाळ्यात वेगळीच गत. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते आणि चाक रुततं. ते चाक जागेवर फिरवलं की वीतभर खोल चर पडतो, तो भरून यायला पूर्ण हंगाम जातो. यासाठी सोपी परीक्षा आहे. फेअरवेवर बुटाची टाच दाबून धरायची. कडेने पाणी वर आलं तर त्या दिवशी बग्गी पाथ सोडून खाली उतरता कामा नये. कोरड्या दिवसांतही नव्वद अंशांचा नियम पाळायचा: बॉलच्या समोर येईपर्यंत पाथवरून जायचं, तिथून काटकोनात फेअरवेवर वळायचं, फटका मारून त्याच वाटेने परत. ग्रीन आणि टीपासून निदान दहा मीटर दूर.

बग्गीने खेळ जलद होतो, हा समज तर तपासून घेण्यासारखा आहे. फेअरवे मोकळा असेल आणि दोघांचे बॉल एकाच बाजूला असतील तर होतो. पण एकाचा बॉल उजवीकडच्या झाडीत आणि दुसऱ्याचा डावीकडे असेल तर गाडी नागमोडी फिरते आणि एकजण बसून राहतो. ‘फक्त पाथवरून’ असा फलक लागलेल्या दिवशी बग्गी पायी चालणाऱ्याहून हळू पडते. पाथवरून चाळीस मीटर चालत बॉलपाशी जायचं, तिथे कळतं की सात नंबरऐवजी सहा नंबर आयर्न हवा होता, परत गाडीकडे. म्हणून अशा दिवशी बग्गीतून उतरताना तीन क्लब हातात घ्यावेत: अंदाजाचा, त्याच्या वरचा आणि खालचा. ग्रीनजवळ असाल तर वेज आणि पटर एकदमच. गाडी ग्रीनच्या पुढे न लावता मागे, पुढच्या टीच्या वाटेवर लावावी, म्हणजे होल झाल्यावर मागच्या चौघांना ताटकळावं लागत नाही.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी. बहुतेक बग्ग्यांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ओल्या उतारावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी घसरते. म्हणून वेग उतार लागायच्या आधीच कमी करायचा आणि उतारावर वळायचं नाही. दुसरं, विजा चमकत असताना बग्गीचं छप्पर काहीही संरक्षण देत नाही. बाजू उघड्या असलेली गाडी म्हणजे आडोसा नव्हे.

एवढं सांगून झाल्यावर उलट बाजूही तितक्याच ठामपणे मांडायला हवी, कारण चालण्याची सक्तीही सक्तीच असते. केसी मार्टिन या ओरेगनच्या खेळाडूच्या उजव्या पायात जन्मतः रक्ताभिसरणाचा विकार होता. चालणं त्याच्यासाठी वेदनादायक तर होतंच, हाड मोडण्याचीही भीती होती. पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने त्याला बग्गी नाकारली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 29 मे 2001 रोजी 7 विरुद्ध 2 मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. टूरचं म्हणणं होतं की चालण्यातला थकवा हा स्पर्धेचाच भाग आहे. न्यायालयासमोर तज्ज्ञाची साक्ष आली होती की पाच तासांत सुमारे 8 किलोमीटर चालण्यात जेमतेम 500 कॅलरी खर्च होतात. आणि मार्टिनला त्याच्या अपंगत्वामुळे होणारा थकवा, बग्गीत बसूनही, धडधाकट खेळाडूच्या चालण्यातल्या थकव्यापेक्षा जास्त आहे. पुढे 2019 साली जॉन डेली गुडघ्याच्या आजारामुळे पीजीए चॅम्पियनशिपमध्ये बग्गीतून खेळला, तोही चालणाऱ्यांच्या बेथपेज ब्लॅकवर. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या ओपन चॅम्पियनशिपने मात्र त्याला बग्गी नाकारली. ज्याला बग्गी म्हणजे पाय आहेत त्याला ती मिळालीच पाहिजे. गुडघा बदललेले काका, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मावशी, कृत्रिम पायाने खेळणारा निवृत्त जवान यांना दर वेळी डॉक्टरची चिठ्ठी दाखवायला लावू नये. वर्षातून एकदा नोंद करावी आणि गाडीवर वेगळ्या रंगाचं निशाण लावून ग्रीनच्या जास्त जवळ जायची मुभा द्यावी.

आता कॅडी. सक्तीविरुद्ध बोलणारे बरेचजण कॅडीला बॅग वाहणारा हमाल समजतात, आणि वाद तिथेच चुकीच्या वळणावर जातो. चांगल्या कॅडीचं काम बॉल क्लबवरून सुटण्याच्या आधी सुरू होतं. तो खेळाडूकडे बघत नाही, बॉल उडणार त्या दिशेचं एखादं झाड किंवा खांब हेरून ठेवतो. बॉल झाडीत शिरला तर त्या खुणेच्या रेषेत सरळ चालत जातो. 2019पासून बॉल शोधायला पाचाऐवजी तीनच मिनिटं मिळतात, त्यामुळे ही नजर स्कोअरकार्डावर थेट दिसते. दाट झाडीच्या कोर्सवर काहीजण चौघांत मिळून एक पुढचा माणूस घेतात. उत्तरेकडच्या आणि कोलकात्याच्या जुन्या क्लबांत त्याला ‘आगेवाला’ म्हणतात. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबवरून, निघालेला 46 ग्रॅमचा बॉल ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने येतो, हे ध्यानात घेतलं की पुढे दोनशे मीटरवर उभं राहण्यातली जोखीम कळते. त्याने नेहमी फेअरवेच्या कडेला, खोडाच्या आडोशाने उभं राहायचं आणि बॉल जमिनीला टेकेपर्यंत त्यावरून नजर हटवायची नाही.

ग्रीनवरचं त्याचं ज्ञान यंत्रात येत नाही. अंतर आता लेझरचं यंत्र सांगतं. 2019च्या नियमांपासून ते, उंच-सखल मोजणारी सोय बंद ठेवून, मुळातच वापरता येतं. पण आपल्याकडच्या बर्मुडा गवताचा कल ते सांगत नाही. पाती एका दिशेला झुकलेली असतात. बॉलकडून होलकडे बघताना गवत चकाकतं दिसलं तर पाती पुढे झुकलेली आहेत, पट जास्त धावणार. काळपट दिसलं तर पाती अंगावर येतायत, पट आखूड पडणार. शंका असेल तर होलच्या कडा बघायच्या. ज्या बाजूची कड उसवलेली, वाळलेली दिसते त्या बाजूला गवताचा कल. त्याच ग्रीनवर वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ उभा असलेला माणूस हे न वाकता सांगतो, शिवाय कोणत्या कोपऱ्यात पाणी कुठे निचरतं तेही.

शिवाय कोर्सची निगा. बॉल पडून ग्रीनवर झालेला खळगा दुरुस्त करताना काटा खळग्याच्या बाहेरच्या कडेत घालून गवत मध्याकडे ढकलायचं असतं आणि शेवटी पटरने हलकेच थापटायचं. बरेच खेळाडू काटा खाली घालून माती वर उचकटतात. त्यात मुळं तुटतात आणि आठवडाभर तपकिरी डाग राहतो. फेअरवेवर फटक्याने गवत उडून पडलेल्या खाचेत, म्हणजे डिव्हटमध्ये, वाळू भरायची ती जमिनीच्या पातळीपर्यंतच. ढीग ठेवला तर गवत कापायच्या यंत्राची पाती बोथट होतात. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उतरायचं ते सखल बाजूने, आणि बाहेर येताना आपल्याच पावलांवरून मागे येत दाताळं ओढायचं. उंच कडेवरून उडी मारली की ती कड ढासळते. जिथे कॅडी सक्तीचे आहेत तिथे ही तीन कामं न बोलता होत असतात. सक्ती काढल्यावर सहा महिन्यांत कोर्सची रया जाते ती याचमुळे, आणि मग दोष माळ्यांना दिला जातो.

थायलंडमध्ये जवळजवळ प्रत्येक कोर्सवर कॅडी सक्तीचा आहे आणि तिथे बहुसंख्य कॅडी बायका आहेत. दक्षिण कोरियात चौघांना मिळून एक कॅडी आणि एक गाडी अशी पद्धत. भारतात जुन्या क्लबांतून ही सक्ती ब्रिटिश अमदानीपासून रुळलेली आहे. कोलकात्याचा रॉयल कॅलकटा 1829चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927चा. या कॅडीखोलीतून भारतीय गोल्फला काय मिळालं ते नावांनिशी सांगता येतं. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकला आणि 1993 साली पुन्हा. बंगळूरुमध्ये बॅगा उचलणारा सी. मुनियप्पा 2009 साली तीच स्पर्धा जिंकला. बॅग उचलता उचलता खेळ पाहायला मिळतो, आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी कोर्सवर खेळायला मिळतं, आणि क्लब विकत घ्यायची ऐपत नसलेल्या पोराच्या हातात कोणाचा तरी जुना सेट येतो. हे दार बंद झालं तर आपल्याकडे गोल्फ हा फक्त सभासदांच्या मुलांचा खेळ उरेल. सक्तीच्या बाजूचा हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही.

तरीही सक्ती मला मान्य नाही, आणि त्याचं पहिलं कारण गोल्फच्या नियमांतच आहे. कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला बसतो. 2001च्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये रॉयल लिदम या इंग्लंडमधल्या कोर्सवर इयान वूस्नम शेवटच्या दिवशी आघाडीवरच्या खेळाडूंत होता. तिथला पहिला होल पार 3, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा आखूड होल, त्यामुळे ड्रायव्हर बाहेर निघालाच नाही. वूस्नमने बर्डी केली, म्हणजे एक फटका कमी घेतला. दुसऱ्या टीवर कॅडीच्या लक्षात आलं की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत, एकूण 15 क्लब. दोन फटक्यांचा दंड बसला आणि तो अखेर संयुक्त तिसरा आला. 2019च्या जानेवारीत दुबईत ली हाओतोंग शेवटच्या ग्रीनवर पटसाठी उभा राहत असताना त्याचा कॅडी मागे रेषेत उभा होता. खेळाडू स्टान्स (फटक्याचा पवित्रा) घेताना कॅडीने मागे रेषेत उभं राहू नये, या नव्या नियमाखाली दोन फटके गेले आणि तो संयुक्त तिसऱ्यावरून बाराव्यावर घसरला. लीने बाजूला होऊन पुन्हा स्टान्स घेतला असता तर दंड टळला असता. हे दोघेही आपल्या पसंतीच्या कॅडीबरोबर खेळत होते. ज्याच्या चुकीची किंमत मी मोजायची तो माणूस मला निवडता आला पाहिजे, किंवा नको म्हणता आलं पाहिजे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकची बॅग तिच्या आईने उचलली होती आणि ती चौथी आली. ती निवड तिची होती.

दुसरं कारण क्लबशी संबंधित आहे, आणि ते जास्त बोचणारं आहे. सक्ती खेळाडूवर असते. क्लब मात्र स्वतःवर काहीच बंधन घेत नाही. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण हाँगकाँगमध्ये घडलं. रॉयल हाँगकाँग गोल्फ क्लबने चेंग युएन नावाच्या कॅडीला नंबर, गणवेश आणि लॉकर दिला होता. दर क्लबने ठरवलेला होता आणि पैसेही क्लबच देऊन ते खेळाडूच्या खात्यावर टाकत असे. त्याला काम देणं बंद झालं तेव्हा त्याने कामगार कायद्याखाली दाद मागितली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि 1997 साली बहुमताने ठरलं की तो क्लबचा नोकर नाही. क्लबचा संबंध फक्त खेळाडू आणि कॅडी यांची गाठ घालून देण्यापुरता. लॉर्ड हॉफमन यांनी विरुद्ध मत नोंदवलं. कायद्याने निकाल काहीही असो, गणवेश आपला, नंबर आपला, दर आपला, शिस्त आपली आणि दुखापत मात्र त्याची, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. कॅडी सक्तीचा करणाऱ्या प्रत्येक क्लबला मी एवढंच विचारेन: त्याच्या डोळ्याला बॉल लागला तर दवाखान्याचं बिल कोण भरतं?

नुसती सक्ती उठवली तर काय होतं तेही इतिहासात नोंदलेलं आहे. ऑगस्टाच्या मास्टर्समध्ये 1982पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत. ते सगळे गावातले कृष्णवर्णीय होते आणि त्या एका आठवड्यावर त्यांचं बरंच काही अवलंबून असे. 1983पासून स्वतःचा कॅडी आणायची मुभा मिळाली आणि बहुतेकांचं ते काम गेलं. काहीजण टिकले. कार्ल जॅक्सनला बेन क्रेनशॉने सोडलं नाही. 1984 आणि 1995 अशी दोन्ही विजेतेपदं क्रेनशॉने त्याच्याबरोबर मिळवली, आणि 1995च्या आठवड्यात बॉल स्टान्समध्ये थोडा मागे घे, खांदे जास्त वळव, हे जॅक्सननेच सांगितलं होतं. गुणी माणसाला निवडीत भाव मिळतो, हे खरं. पण गुणी सगळेच नसतात, आणि सरासरी माणसालाही पोट असतं.

म्हणून ऐच्छिक करायचं तर पद्धतशीर करावं. टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घेतानाच खेळाडूने सांगायचं: स्वतः, ट्रॉली, कॅडी की बग्गी. आदल्या संध्याकाळी कॅडी मास्टरकडे आकडा जातो, तेवढेच कॅडी बोलावले जातात. आज होतं ते असं की साठ माणसं पहाटे साडेपाचला टोकन लावून बसतात आणि दहा वाजता त्यातली निम्मी रिकाम्या हाताने परत जातात. बोलावलेल्याला खेळाडू आला नाही तरी हजेरीचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि ते ग्रीन फीमधून राखून ठेवलेल्या वाट्यातून द्यावेत. म्हणजे कॅडी न घेणाराही कोर्सच्या निगेचा खर्च उचलतो. कॅडीला ट्रॉली क्लबने द्यावी, तीन चाकांची, पुढे ढकलायची. दोन चाकांची मागे ओढायची ट्रॉली खांदा मागे पिळते आणि वर्षाकाठी दुखणं देते. जो खेळाडू कॅडी घेत नाही त्याला पहिल्या टीवर वाळूची बाटली आणि खळगे भरायचा काटा हातात द्यावा, आणि वाळू संपून बाटली परत आली का ते बघावं. नवख्याला पहिले काही राउंड कॅडी घ्यायचा आग्रह जरूर करावा, कारण कुठे उभं राहायचं, कधी बोलायचं, दाताळं कसं धरायचं हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तोच लवकर शिकवतो.

वयाचा मुद्दा वेगळा. 1913च्या यूएस ओपनमध्ये फ्रान्सिस विमेटची बॅग दहा वर्षांच्या एडी लोवरीने उचलली, त्याचं गोल्फमध्ये आजही कौतुक होतं. आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं 2016च्या कायदादुरुस्तीनंतर गुन्हा आहे, आणि शाळेच्या वेळात कॅडीखोलीत पोरं दिसली तर कॅडी मास्टरला जाब विचारायलाच हवा.

विम्याला तर कोणतीही सबब चालणार नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे, वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे गेले तर 2 लाख, एक डोळा कायमचा गेला तर 1 लाख. बँकेत खातं हवं आणि दर वर्षी 1 जूनच्या आधी नूतनीकरण हवं, एवढीच अट. शंभर कॅडींचा वर्षाचा हप्ता 2000 रुपये होतो. चांगल्या प्रतीचे डझनभर बॉलही तेवढ्यात येत नाहीत. यात दवाखान्याचा खर्च मात्र मिळत नाही, त्यासाठी क्लबने वेगळा गट अपघात विमा काढावा लागेल. पुढे उभा राहणाऱ्याला हेल्मेट द्यावं, आणि मे महिन्यात कॅडीखोलीत पिण्याचं गार पाणी आणि मीठ-साखर ठेवावी. ऊन खेळाडूला लागतं तसंच बॅग ढकलणाऱ्यालाही लागतं, आणि तो बरेचदा दिवसात दोन राउंड करतो.

राहतो पावसाळा. मुंबई-पुण्यात जून ते सप्टेंबर खेळ निम्म्यावर येतो, काही आठवडे कोर्स बंदच असतो, आणि कॅडीची कमाई त्याबरोबर थांबते. सक्ती असो वा नसो, या चार महिन्यांचं उत्तर क्लबला शोधावं लागतं, आणि ते कोर्सवरच आहे. बर्मुडा याच दिवसांत सगळ्यात जोमाने पसरतं, म्हणून जुने डिव्हट भरायचे ते आत्ता. बंकरच्या कडा आणि चर मोकळे करायचे ते आत्ता. लव्हाळाही याच दिवसांत माजतो, आणि तो नुसता उपटून भागत नाही. वरून ओढला की पाती हातात येते, गाठ जमिनीत राहते आणि आठवड्यात नवा कोंब फुटतो. खुरप्याने चार बोटं खोल जाऊन गाठ काढावी लागते, ग्रीनच्या कडेला तर एकेक करून. हे यंत्राचं काम नाही, आणि कोणत्या ग्रीनच्या कोणत्या कडेला लव्हाळा आहे हे कॅडीइतकं कोणालाच माहीत नसतं. टोकनाच्याच क्रमाने रोज वीस-पंचवीस जणांना बोलवावं, रोजंदारी माळ्यांच्या दराने द्यावी, आणि काढलेल्या गाठी पोत्यात भरून कोर्सच्या बाहेर टाकाव्यात, कारण ढिगात राहिल्या तर तिथूनच पुन्हा रुजतात.